वेराताईचा अल्बम

हार्लेमच्या फोटोच्या दुकानात रांगेत पुढून मराठी ऐकू आलं आणि जयंतीने कान टवकारले. मायलेकी पडद्यावर फोटो निवडत होत्या.

“आपल्याकडे दत्तक येण्याआधीच वेराताईला तिथे रशियातल्या अनाथाश्रमात आपलं घर दिसेल, चारू.”

“ताई कशाला? मी आधी आले.”

“ती अकरा वर्षांची आहे, तू आठ.”

“माझी सायकल का आहे यात?”

“आता दोघींची.”

“माझी खोली?”

“दोघींची गं.”

“मी कुठल्या फोटोत आहे?”

आईने सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

“अगं, सगळे तूच काढलेस ना, हौसेने…”

“मग आता माझा काढ. तुझ्या कडेवर. खाली रशियनमध्ये लिही, ही आधीपासून आहे.”

“कडेवर? एवढी घोडी?”

जयंतीने हात पुढे केला. “द्या फोन. घ्या तिला.”