एका कुंकवाचं मत

मी मूळची घोटीची. आमच्याकडं मुरमुऱ्याची भट्टी, म्हंजी भट्टी मालकाची, आम्ही सगळे तिथं कामाला, पण लहानपणी मला वाटायचं भट्टी आमचीच हाय, इतका तो धूर अंगात बसला होता. गरम वाळूत तांदूळ टाकला की असा फुलतो, आन आई म्हणायची चाळ लवकर, करपंल. शाळा दुसरीपर्यंत. बाकीचं वाचायला शिकले ते पुड्या बांधायच्या रद्दीवर, अर्धी बातमी हातात, अर्धी फाटून गेलेली, म्हणून माझं ज्ञान पण तसंच अर्धं अर्धं हाय, हसू नका.

लग्न करून नाशकात आले, इथं पेठ रोडच्या वस्तीत. आमचे हे सातपूरला कारखान्यात होते. पोरगी आठवीत असताना ते गेले. मंग मी हातगाडी लावली, मुरमुरे, फुटाणे, भडंग, संक्रांतीला मुरमुऱ्याचे लाडू. आन काय सांगू तुम्हाला, त्याच वर्षापासून मला हळदी-कुंकवाचं बोलावणं यायचं थांबलं. कोणी भांडलं नाय, तोंडावर काय बोललं नाय, नुसतं थांबलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या गल्लीत रोज कोणाकडं तरी असतंच, बाया नटून माझ्या गाडीवरून जायच्या, लाडू माझ्याकडूनच घ्यायच्या, मावशी तुमच्या हाताला चव हाय म्हणायच्या, आन मी पुडी बांधून द्यायची. मला काय वाटत नाय, असं मी सगळ्यांना सांगायचे. वीस-बावीस वर्षं सांगत होते.

आता शोभाचं सांगते. शोभा चार घरं सोडून राहते, शिवणकाम करते. आमच्या नाक्यावर सकाळी पेठ, सुरगाण्याकडची माणसं कामासाठी उभी राहतात, बायांच्या कडेवर पोरं. बांधकामावर ती पोरं खडीच्या ढिगावर खेळायची, एक पोरगी हौदात पडली, वाचली ती, पण शोभाच्या डोक्यातनं ते जाईना. तिनं समाजमंदिराची एक खोली मागून घेतली, जुन्या साड्यांच्या झोळ्या बांधल्या आन पाळणाघर चालू केलं. मुरमुरे माझे. दूध गवळ्याच्या सुनेकडचं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सिव्हिलला माझ्याजवळ तीच होती, पोरगी सासरी, तिला कुठं येता येतं. रोज सकाळी पोरं पाळणाघरात उतरवून झाली की शोभा माझ्या ओट्यावर यायची, चहा प्यायची, कप पण ठरलेला, कान तुटलेला, मी नवा दिला तर म्हणायची मावशी, मला पाव्हणी करता का.

मंग महानगरपालिकेची निवडणूक आली आन वस्तीच म्हणाली, शोभे, तू उभी राहा. नवरा म्हणाला आपल्याकडं ना पैसा ना माणसं. ती म्हणाली माणसं हायेत की. अपक्ष उभी राहिली. आम्ही दारोदार हिंडलो, मी तर गाडी बंद ठेवून हिंडले, पाय सुजले माझे.

आन मंग ते झालं. समोरची जी बाई होती, मोठ्या पक्षाची, नाव नाय घेत, तिनं संक्रांतीच्या आधीच मोठा मांडव घालून हळदी-कुंकू ठेवलं. आमंत्रणाला दोन पोरी आल्या, म्हणाल्या आजी, तुम्ही पण या, ताईंनी सांगितलंय, विधवा बायांना आधी मान. मी म्हटलं बघते. वाटलं जाऊ नये. पण पाय गेले हो. बघते तर आमच्या वस्तीतल्या सगळ्या माझ्यासारख्याच तिथं आलेल्या, धुतलेलं लुगडं नेसून, एकमेकींकडं न बघता बसलेल्या. ती बाई आली, वाकली, मला कुंकू लावलं. ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ, वर स्टीलचा डबा, त्यावर तिचा फोटो चिकटवलेला. डब्याचं काय, डबे घरात लय हायेत. पण तिचं बोट कपाळाला लागलं आन मला रडू आलं, तिथंच, सगळ्यांच्या देखत.

घरी आले, आरशात बघितलं, रात्री पुसवेना.

मतदानाला गेले तेव्हा तो नारळ देवापुढं तसाच होता. आमच्या प्रभागात चार नगरसेवक, म्हणून चार बटणं दाबायची असतात. तीन दाबली, ती कोणाची ते मला आत्ता विचारू नका. चौथं शोभाचं. तिच्या निशाणीवर बोट नेलं. मनात आलं, शोभा तर येणारच हाय, सगळी वस्ती तिची, त्या बाईनं ओटी भरली, आपण घेतली, माझं एक गेलं तर काय बिघडतंय. आन बोट सरकलं. बाहेर शोभा उभी होती, नियम म्हणून लांब. तिनं हात केला. मी पण केला.

शोभा पडली. लय मतांनी नाय, थोडक्यात पडली. मी एकटी असते तर काय नव्हतं. पण मांडवातल्या त्या सगळ्या मला आठवल्या, आन कळलं, प्रत्येकीनं हेच म्हटलं असणार, माझं एक गेलं तर काय बिघडतंय.

निकालाला तीन दिवस झाले न झाले, समाजमंदिराला दुसरं कुलूप. त्या निवडून आलेल्या बाईची माणसं म्हणाली, खोली कार्यालयाला पाहिजे. झोळ्या बाहेर काढून ठेवल्या होत्या, घडी करून, तेवढं मात्र नीट केलं त्यांनी. शोभा रडली नाय. म्हणाली, आता रडत बसण्यापेक्षा जे जवळ हाय त्याला धरा, वाण घ्यायचं तर कोपऱ्यावरच्या बुरडीणबाईकडून सुपं घ्या, कुंभारणीच्या पणत्या घ्या, दुकानातलं प्लॅस्टिक नको, आपलीच चार घरं जगतील. बायांनी ऐकलं, यंदा गल्लीत घरोघर सुपंच लुटली. आन पाळणाघर मी माझ्या घरात घेतलं. सगळ्या म्हणाल्या मावशीचं मन मोठं. मी झोळ्या बांधत राहिले.

रथसप्तमीला मी हळदी-कुंकू केलं. माझं पहिलं. नाक्यावरच्या बाया बोलावल्या, कामावरून तशाच आल्या, सिमेंटच्या हातांनी, आन वस्तीतल्या माझ्यासारख्या सगळ्या. मी कोणाला कुंकू लावायला धजेना, म्हणून शोभाला म्हटलं तू लाव. ती एकेकीला लावत माझ्यापर्यंत आली. मी तिचा हात धरला. म्हटलं, शोभे, थांब. माझं मत तुला नव्हतं.

 एक पोर झोळीत कुरकुरत होतं.

ती म्हणाली, मला माहीत होतं कोणाचं तरी नव्हतं, ते तुमचं असंल हे नव्हतं माहीत. मी म्हटलं, त्या बाईनं मला कुंकू लावलं ग.  शोभा म्हणाली, दरवर्षी माझ्या घरी हळदी-कुंकू असतं मावशी, लाडू तुमचेच असतात, आन मी तुम्हाला एकदा पण या म्हटलं नाय. एवढंच. तिनं मला कुंकू लावलं, ताटली खाली ठेवली आन गेली.  गवळ्याची म्हातारी आई पदर डोळ्याला लावून बसली होती, ती पण मांडवात होती.

आता बरेच महिने झाले. पाळणाघर चाललंय माझ्याकडं, झोळ्या वाशाला टांगल्यात, तुम्ही बघितल्याच. शोभा रोज येते, पोरं उतरवते, कोणाला ताप हाय का विचारते, कधी सोबत पोरांच्या पेजेला पिशवीभर नागली, नाचणी म्हणता ना तुम्ही, ती आणते. सगळं नीट बोलते. पण बसत नाय. मला मावशी म्हणते, पण ओट्यावर टेकत नाय, मशीन चालू ठेवून आलेय म्हणते. पुढच्या निवडणुकीला उभी राहशील का विचारलं तर म्हणते, बघू. मला वाटतं ती माझ्यावर रागावलेली नाय. स्वतःवरच असंल. ते जास्त वाईट, माझ्यावर राग असता तर मी पाय धरले असते.

चहा मी अजून दोन कप टाकते, सवय. हा कान तुटलेला बघा, तिचा. आज तुम्ही आलात तर तुम्हीच घ्या, गरम हाय तोवर. सांभाळून धरा, चटका बसतो. सुखी राहा ताई, आन कोणाला बोलवायचं राहिलं असंल तुमचं, तर बोलवा.