वाजतंय तोवर

नेइआफू बंदराच्या धक्क्यावर बोटीच्या रांगेत लोसालिने मावशी आळवाच्या कंदांची टोपली सांभाळत उभी होती. पुढे देवमाशांच्या अभ्यास केंद्रातली मेलेनाइते आणि सेमिसी होते.

"सेमिसी, मादी पिल्लाशी कुजबुजते ना, ते रेकॉर्डिंग माझ्या हातून पुसलं गेलं."

"मग कचरापेटीतून परत काढ की."

"कमांडने पुसलं रे! तिथे कसली कचरापेटी? एंटर दाबलं की खलास. स्क्रीनवर कमांडच्या दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या, एक माझ्या लॅपटॉपची, एक केंद्राच्या मशीनची. माझा लॅपटॉप साफ करायचा होता आणि झाडलं केंद्राचं मशीन!"

"दुसरी प्रत?"

"आज काढणार होते."

"कर्म माझं! बरं, निघताना ते वाजत होतं का?"

"हो, हेडफोन तसाच टाकून आले. का?"

"अगं वेडे, मग ते जिवंत आहे! कमांडने नुसतं नाव पुसलं जातं. वाजतंय तोवर मशीन आतलं काही टाकत नाही. तिथूनच प्रत काढतो!"

"अरे देवा, केंद्रातल्या ओफाताई जाताना सगळं बंद करतात!"

"फोन लाव! स्पीकरवर!"

"ओफाताई, केंद्राच्या मशीनला हात लावू नका!"

"अगं, बटणावरच आहे हात."

"हात उचला! आधी हेडफोन फोनजवळ धरा. सेमिसी धावत निघालाय!"

फोनमधून बारीक, खोल हुंकार आला. रांगेतले सगळे फोनकडे झुकले.

"चला, चढा लवकर!" खलाशी ओरडला.

"ओरडू नकोस मेल्या," लोसालिने मावशीने टोपली खाली ठेवली, "आई पिल्लाला काय म्हणतेय ते ऐकू दे."