हवा चांगली असेल तरच उघडं

नाही ठेवला! कुणी म्हणून विश्वास ठेवला नाही माझ्यावर! मी त्याच बाकावर, त्याच्या कोपराला कोपर लावून बसलेली, माझ्या ह्या दोन कानांनी ऐकलेलं, आणि आमच्या नणंदबाई, त्सेंटा, त्याला विचारायच्याही आधी मला म्हणतात काय, "अगं वाल्ली, वारा असेल." वारा! आता तुम्हीच सांगा, वारा कधी पेला हातात घेऊन भांडायला उठतो का? आमचा क्विरिन बोलला. माझा नवरा. सबंध हिवाळा आणि निम्मा उन्हाळा तोंडातून अक्षर न काढलेला माणूस, बोलला! काय बोलला ते सांगते, पण आधी बागेचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही म्हणाल, वारा असेल.

तर आमचं आशेनरीड. म्युनिकचंच म्हणायचं, पण पार काठावर, जिथं शहराची बससुद्धा कंटाळून वळते आणि परत जाते. तिथं आमची एक बाग होती. बिअर गार्डन म्हणजे दुसरं काय लागतं हो? चेस्टनटची झाडं, खाली खडी, लाकडी बाकं, घरून आणलेली टोपली, आणि लिटरचा पेला. बस्स! ती झाडं तोडली आणि तिथं गाळ्यांची इमारत उभी केली, आणि इमारतीचं नाव काय ठेवलं? 'चेस्टनट निवास'! म्हणजे कोंबडी कापायची आणि दारावर कोंबडीचा फोटो लावायचा. असो. बाग गेली पानगळीत, आणि त्याच हिवाळ्यात लेन्झ गेला.

लेन्झ म्हणजे क्विरिनचा मित्र. मित्र कसला, लाऊडस्पीकर! लग्न होऊन मी ह्या घरात आले त्याच्याही आधीपासून हे दोघं त्याच टेबलावर समोरासमोर. क्विरिन बसायचा, लेन्झ बोलायचा. हवेवर बोलायचा, सरकारवर बोलायचा, पाद्र्याच्या नव्या मोटारीवर बोलायचा, आणि क्विरिन आपला मान हलवायचा. मुळासुद्धा लेन्झच चिरायचा. पांढरा मुळा, गोल गोल स्प्रिंगसारखा कापायचा, वर मीठ टाकायचा आणि थांबायचा, मुळा रडेपर्यंत. पाणी सुटलं की खायचा. लेन्झ मीठ टाकताना दरवेळी म्हणायचा, "रड रे बाबा, आमच्या वाटचं तूच रड." दरवेळी! आणि दरवेळी क्विरिन हसायचा, जसं काही आजच ऐकतोय.

लेन्झला पुरलं. क्विरिननं कबरीत माती टाकली, घरी आला, कोट खुंटीला लावला, खिडकीशी बसला… आणि संपलं. विचारलं सूप हवं का, मान हलवणार. विचारलं विजेचं बिल भरलं का, मान हलवणार. फोन वाजला तर फोनकडे बघून मान हलवणार! डॉक्टरकडे नेला. डॉक्टर पोरसवदा, घसा बघितला, कान बघितले, डोक्याचा फोटो काढला, आणि म्हणतो, "काही नाही हो बाई, सगळं जागच्या जागी आहे. ह्यांना माणसांत न्या. बिअर गार्डनमध्ये न्या. हवा चांगली असेल तर."

हवा चांगली असेल तर! हे शब्द लक्षात ठेवा. माझा उन्हाळा ह्या शब्दांनी खाल्लाय.

आणि त्सेंटा? ती काय म्हणाली? माझ्याच स्वयंपाकघरात, माझाच केक खात, "राग मानू नकोस हं वाल्ली, पण तूच माझ्या भावाचं तोंड बंद केलंस. तू बोलतेस किती! त्याला जागा मिळते का मध्ये?" घ्या! कुणीतरी बोलायला नको का घरात? दोघं गप्प बसलो तर शेजारी पोलीस बोलावतील! पण ते वाक्य बसलं हो. रात्री अंथरुणावर बसलं, सकाळी कॉफीत बसलं. मला राग आला का? नाही. रडू आलं का? तेही नाही. इस्पितळाच्या लाँड्रीत इतकी वर्षं मी त्या तापल्या रुळांखाली चादरी सारतेय की बोटांना आता चटका कळत नाही. तसंच काहीसं आत झालं असावं. चटका बसतोय हे दिसतं, कळत नाही. म्हटलं, ठीक आहे, बाग शोधू. बसची वाट बघतो तशी.

आता शोधायचं म्हटलं की त्सेंटाचा नवरा पोल्दी पुढे. पोल्दीला सगळं त्याच्या फोनवर कळतं. पाऊस पडतोय का हे बघायलाही तो खिडकी उघडत नाही, फोन उघडतो. "वाल्ली, काळजी सोड, ही बघ बाग, लोकांनी तारेच तारे दिलेत!" गेलो. तारे देणाऱ्यांना देवानं डोळे द्यावेत! झाड एक नाही. कुंडीत ताडाचं रोप, तेही प्लॅस्टिकचं. खडीच्या जागी समुद्राची वाळू. अहो, समुद्र इथून कुठल्या कुठे! आणि बाकं नाहीत, गाद्या! त्या गादीत क्विरिन जो रुतला तो रुतलाच, दोघांनी ओढून काढला. एक पोरगी आली, म्हणते, "आंब्याची बिअर देऊ का?" क्विरिननं तिच्याकडे पाहिलं. मान हलवायचीसुद्धा विसरला बिचारा.

पुढच्या रविवारी पोल्दीची दुसरी बाग. इथं झाडं होती, मी कबूल करते, खरी होती, मी हात लावून बघितलं. पण टेबलं? एकूण एक टेबलावर पांढरं कापड! आणि कापड म्हणजे काय हे लहान पोराला विचारा. कापड घातलं की तिथं वाढपी, वाढपी म्हणजे त्यांचंच जेवण, आपली टोपली उघडायची नाही. माझ्या टोपलीत मुळा, ब्रेत्सनचे पिळदार पाव, कांदा घालून मळलेलं चीज, सगळं घरून नीट बांधून आणलेलं. मी त्या वाढप्याला म्हटलं, "बिनकापडाचं टेबल कुठाय?" तो नाकातून म्हणतो, "बाईसाहेब, आमच्याकडे तसलं काही नसतं." मी म्हटलं, "मग हे गार्डन नाही, हा दवाखाना आहे. इथं मुळा रडवता येत नाही, मग माणसं येतात कशाला?" पोल्दीनं फोनमध्ये तोंड घातलं. त्सेंटा म्हणाली, "बघ, पुन्हा तूच बोललीस!"

आणि मग मला ती सापडली. कशी? झोपेनं! लाँड्रीतून परत येताना बसमध्ये डोळा लागला, आमचा थांबा गेला, आणि उतरले थेट शेवटच्या फाट्यावर, बस वळते तिथं. समोर मोडक्या मोटारींचं भंगार, त्यामागे बिटाचं शेत, आणि शेताच्या टोकाला… चेस्टनट! ओळीनं, जुने, बुंध्यावर गाठी आलेले. खाली खडी. हिरवी, डुगडुगणारी बाकं. कापडाची चिंधी नाही! दोन म्हातारे तोंडाशी पेले लावून बसलेले, एकमेकांकडे न बघता. काउंटरमागे मालक, विमर त्याचं नाव, मान बैलाची, चेहरा पाद्र्याचा. आणि फाटकावर पाटी, हातानं रंगवलेली: हवा चांगली असेल तरच उघडं. मला वाटलं, डॉक्टरनंच लिहिलीय!

घरी येऊन सांगितलं. पोल्दीनं फोन बघितला. "तिथं काही नाही, वाल्ली. नकाशात नुसतं भंगार आहे." मी म्हटलं, "मी बघितलंय!" "तू तर बसमध्ये झोपली होतीस ना?" त्सेंटा म्हणाली, "स्वप्न असेल." म्हटलं, चला, दाखवते!

रविवारी सगळे गेलो. छान ऊन, एखादा कापसासारखा ढग. आणि फाटकाला कुलूप! मी हाका मारल्या. विमर गुडघा चोळत आला. "बंद आहे." "का हो बंद?" "हवा चांगली नाही." "अहो, ऊन आहे!" "गुडघा दुखतोय," म्हणाला, "माझा गुडघा दुखला की पाऊस येतो." पाऊस आला का? थेंब नाही! पोल्दी गालातल्या गालात हसत होता. क्विरिन फाटकाच्या गजांतून त्या बाकांकडे बघत उभा, प्राणिसंग्रहालयात उभं राहावं तसा.

पुन्हा गेलो. ह्या वेळी मी सगळं बघून घेतलं, आकाश असं निळंशार की पार आल्प्सचे डोंगर भंगारापलीकडे येऊन बसलेले, हात लांबवला तर बर्फ लागेल. याहून चांगली हवा देवाच्या बापालाही जमणार नाही! आणि फाटक? बंद! विमर वरच्या खिडकीत, कपाळावर ओलं फडकं. "जा घरी!" वरूनच ओरडला. "आज हवा भयंकर आहे! फ्योन आहे फ्योन!" होता खरा. डोंगरावरून तो कोरडा, गरम वारा सुटला होता, तो आकाश धुऊन काढतो आणि निम्म्या शहराची डोकी ठणकवतो. त्सेंटाचंही ठणकत होतं, म्हणून ती जास्तच बोलली. "तू आम्हाला भंगार दाखवायला आणतेस, वाल्ली. माझा भाऊ बरा व्हावा असं तुला वाटतच नाही. तो गप्प आहे ते तुझ्या पथ्यावरच पडलंय." मी काही बोलले नाही. हो, मी! बसमध्ये बसले, टोपली मांडीवर. क्विरिन शेजारी, तोही गप्प. आता घरात खरंच दोघं गप्प.

मग पुढच्या रविवारी त्सेंटा जेवायला येणार होती. सकाळपासून पाऊस. जोराचा नाही, तो किरकिऱ्या, न थांबणारा. आणि मी काय केलं? टोपली भरली. का, ते विचारू नका. बाग उघडी असेल असं मला वाटलं का? छे! त्सेंटा यायच्या आत घराबाहेर पडायचं होतं एवढंच. क्विरिनला कोट दिला, त्यानं घातला. बसमध्ये बसवला, बसला. पोत्यासारखा माझा माणूस, आणि पोत्यासारखी मी.

आणि फाटक उघडं! सताड! विमर छत्रीखाली उभा, गालांवर लाली. मी म्हटलं, "अहो, पाऊस पडतोय!" म्हणतो, "पडू दे की! गुडघा गप्प, डोकं हलकं, फ्योनचं नाव नाही. याहून चांगली हवा कसली असते?" मी वाद घातला नाही. अशा माणसाशी वाद घालून उगाच त्याचा गुडघा जागा करायचा?

चेस्टनटखाली बसलो. पानांतून टपटप चालूच. क्विरिन बसला तो नेहमीसारखा, समोरची जागा मोकळी ठेवून, टोपलीसुद्धा त्यानं तिथून उचलून बाजूला ठेवली. मी जाऊन बिअर आणली. मुळा कापला. स्प्रिंग काही जमली नाही, तुकडे पडले. मीठ टाकलं. पण पाऊस होता, मुळा रडतोय की भिजतोय, कसं कळणार? सगळंच ओलं होतं. बाक ओलं, ब्रेत्सन ओला, क्विरिनचा चेहरा ओला. मी बघितलं आणि पुन्हा मुळ्याकडे बघितलं.

आणि तेव्हा हो! क्विरिननं पेला उचलला. प्यायला नाही. डोळ्यासमोर धरला. एक डोळा मिटला. काचेवरची ती रेघ असते ना, बिअर तिथपर्यंत यायला हवी ती, त्या रेघेकडे बघितलं, फेसाकडे बघितलं, आणि म्हणाला…

"कमी भरलाय."

खणखणीत! दोन शब्द. आणि उठला! गेला काउंटरकडे, पेला आपटला. "ए विमर! ही रेघ काय शोभेला काढलीय? मी बिअर मागितली, फेस नाही. फेस तर माझी बायको कपडे धुताना फुकट देते!" अहो, हे लेन्झचं बोलणं! शब्द न् शब्द लेन्झचा, हात कमरेवर ठेवायची ढबसुद्धा! फक्त लेन्झ 'माझी बायको' म्हणायचा नाही, 'क्विरिनची बायको' म्हणायचा. विमर खूश होऊन लालबुंद. "आला! कुणीतरी आला एकदाचा भांडणारा! हे दोन म्हातारे तर दगड आहेत नुसते!" आणि पेला काठोकाठ भरून दिला, रेघेच्याही वर.

क्विरिन परत आला, बसला, एक लांब घोट घेतला. मला काय वाटलं? खरं सांगते, काही नाही. हात टोपलीत होता, तो तिथंच राहिला, चाकूच्या पात्यावर. बोट कापलं हे घरी गेल्यावर कळलं. पण एक गोष्ट मला विचारायचीच होती. म्हटलं, तोंड उघडलंय तोवर विचारून घ्यावं, उद्या पुन्हा फ्योन सुटला तर?

म्हटलं, "क्विरिन, तू इतके दिवस गप्प होतास. तुझी बहीण म्हणते, माझ्यामुळे. मी तुझं तोंड शिवलं म्हणते. आता बोलता येतंय तर सांग. कुणामुळे?"

त्यानं फेस पुसला. मुळ्याचा एक तुकडा उचलला, बघितला, नाक मुरडलं, पण खाल्ला. मी वाट बघत होते. म्हटलं, येणार, माझंच नाव येणार, येऊ दे, आता तेवढंच राहिलंय. आणि त्यानं समोरच्या रिकाम्या, भिजलेल्या बाकाकडे हनुवटीनं दाखवलं, जसं काही तिथं बसलेला माणूस ऐकतोय, आणि इतक्या वर्षांची तक्रार एकदाची नोंदवावी तसा म्हणाला,

"ह्यानं मला कधी मध्ये बोलू दिलं? मग बोलायला न शिकवताच निघून गेला. लेन्झ!"