आडगल्लीचा शेवटचा भाग

नाही, नाही, त्या ताग्यांच्या मागे काही नाही बेटा — भिंत आहे. विटांची. हात लावून बघ हवं तर, सगळेच लावतात. परवा अक्कलकुव्याची दोन पोरं आली, मोबाईलचा उजेड पाडत सरळ चादरींच्या कपाटात शिरली — ‘शेठ, दार कोठे शे?’ म्हणे! मी म्हटलं, आधी एकेक शर्टपीस घ्या, मग दाखवतो. घेतले की गाढवांनी. मग मी मागचं संडासाचं दार दाखवलं. तू हसू नकोस, तूही त्याचसाठी आलीस — काय म्हणालीस, निशा? धडगावहून? घाट उतरून, जीपमध्ये दहाजणांत दाटून, एका पुस्तकातलं दार बघायला? वा! बस, गादीवर बस, चप्पल तिकडे काढ. हो, लेखिकेचा बाप मीच. माणकचंद. तुमच्या त्या ‘आडगल्ली’त जो थापाड्या शेठ आहे ना, टकल्या — तो मी. टक्कल तिनं मनानं घातलंय. हे बघ, केस. ओढून बघ.

मी? मी कशाला वाचू असली पुस्तकं? पन्नाशी उलटली माझी. पोरगी खापरच्या कापडदुकानातल्या कपाटात शिरते आणि पुण्याच्या कुठल्या बोळात बाहेर पडते — एसटी महामंडळाला कळवायला हवं खरं तर, केवढी सोय! आणि पुण्यात काय, तर नळातली भुतं, लिफ्टमधली भुतं, सिग्नलच्या लाल दिव्यात बसलेली एक हडळ. आणि ही त्यांच्याशी लढते. लढू दे, माझं काही म्हणणं नाही. पण तिसऱ्या भागात, पान एकशे बारा — रात्री अकरा वाजता नूडल्स खाते! लसूण घातलेल्या! अगं, जैनाची पोर दाखवलीस ना तू? हडळीशी लढलेली चालेल, पण दिवस मावळल्यावर लसूण? बरं, चौथ्यात दादी भुतं धरून पापडाच्या डब्यात कोंडते आणि पाचव्यात तेच भूत पुन्हा लिफ्टमध्ये — डबा उघडला कुणी, ते कुठेच नाही! मी दोनदा शोधलं. …चाळलं म्हणजे. गिऱ्हाईक नसलं की हाताला काहीतरी लागतं.

आणि हे सगळं आलं कुठून? तिच्या डोक्यातून? हॅ! कपाटातलं दार माझं. आमची जिनल चार वर्षांची होती, जेवायची नाही, तेव्हा मी काढलेलं ते दार — एक घास खाल्ला की बोटभर उघडतं म्हणून. विसरवाडीच्या फाट्यावर सुरतेचा एक ट्रक सुरतेहून निघायच्या आधीच पोहोचला होता आणि मी स्वतः त्यातले गठ्ठे उतरवले, ही गोष्टही माझीच. दुसऱ्या भागात तिनं ट्रकची रिक्षा केली. रिक्षा! रिक्षात गठ्ठे मावतात का? थाप मारायलाही अक्कल लागते, बेटा. माप लागतं. ताग्यातून कापड फाडतो ना, तसं — आधी कात्रीचा छोटा काप, मग एका झटक्यात. ती नुसती कुरतडत बसते.

हा शेवटचा ना? सहावा. दाखव. …जाडच आहे. नाही, हा नाही पाहिला. मागवला नाही. मागवता येतो, ठाऊक आहे मला, फोन आहे माझ्याकडे. संपवलं तरी एकदाचं? काय होतं शेवटी — लग्न? सांग, सांग, मला काय, मी कुठे वाचणार आहे. …हं. …हं. थापाड्या शेठ अजून जिवंत आहे? बरं. काय ओरडतो तो कपाटातून? पुन्हा सांग. ‘दादी जातेय गं, ये’ — आणि ती? विश्वास ठेवते? आयुष्यभर ज्याचं एक अक्षर खरं मानलं नाही त्याच्यावर? आणि धावत येते, आणि पोचते, आणि दादी डोक्यावर हात ठेवते —

खोटं. साफ खोटं आहे ते. काय बघतेस? पुस्तकच आहे, माहीत आहे मला पुस्तक आहे! हडळ लिही, लिफ्ट लिही, पण हे — नाही आली ती. कुठे पोचली? तुला म्हणून सांगतो, धडगावात जाऊन गाऊ नकोस. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती पुण्याला. इकडे राजस्थानातून, बालोतऱ्याहून स्थळ चालून आलेलं, त्यांना तीच तारीख सोयीची. मी फोन लावला — दादी जाते, असशील तशी नीघ. दोन पेपर सोडून आली पोरगी. अंगावर घरातलाच ड्रेस, डोळे सुजलेले. आणि दारात आमची आई पापड लाटत बसलेली, धनकंवरबाई, ठणठणीत, आणि बैठकीत मुलाकडचे चार लोक. पाणीसुद्धा प्याली नाही, आल्या पावली गेली. वर्ष गेलं तिचं. मी काय म्हटलं? मी म्हटलं, एवढ्याशा थापेचा केवढा राग!

दोन वर्षांनी आईला लकवा झाला. खरा. मी फोन केला. तर म्हणते, ‘पप्पा, या वेळी स्थळ कुठलं?’ आणि ठेवला. तिच्या आईनं लावून पाहिला, तिचाही नाही उचलला. तिला वाटलं, आम्ही सगळे सामील. तिसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर फोटो गेला, हार घातलेला, तेव्हा कळलं तिला. त्यानंतर तिनं फोन केला नाही, मीही नाही. मी करून काय सांगणार? मी ‘आज सोमवार आहे’ म्हटलं तरी ती कॅलेंडर बघेल. आणि इथे लिहिते — पोचली. आमच्या आईनं डोक्यावर हात ठेवला. म्हणजे सहा वर्षं मनात हेच घेऊन…

तुझ्या मेसेजला उत्तर देते ती? देते? मग लिही एक. माझं नाव घालू नकोस, तू तिऱ्हाईत, तुझं खरं मानेल. लिही — दादीनं शेवटी तुझंच नाव घेतलं. तीनदा. आणि म्हणाली की… थांब. खोड. खोड ते सगळं. लिही — दादीची वाचा पहिल्याच दिवशी गेली होती. तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही. शुद्ध नव्हती तिला. तू आली असतीस तरी तिला कळलं नसतं. बस. नाही, पुढे काही नाही, रंगवू नकोस. असंच जाऊ दे.

गेलं? मग ऊठ आता, मोलगीवरून धडगावला जाणारी जीप भरत आली असेल. पुस्तक? ने ना तुझं तू, मी काय करू त्याचं? जा, जा — या रूपलीबाई, या, बसा. बोला, काय दाखवू?