वेणी प्रिस्काकडे आहे

नको, नको बाय, तो कपडा काढ आधी माझ्या गळ्यातनं — कापायला नाही आले मी. मघापासून सांगतेय, तू ऐकतेस कुठे? बाई दारातनं आत आली की हिला खुर्चीत बसवायची सवय. वेणी न्यायला आले मी, वेणी. अक्षयाची. आमची सून गं, मयूरची बायको, मागच्या आठवड्यात इथे येऊन डोकं भादरून गेली ती — बरं बाई, भादरून नाही, कापून. लगेच तोंड कशाला पाडतेस? तुझं काम चांगलं आहे, कोण नाही म्हणतंय, मानेवरची रेघ कशी सुरीने कापलेल्या केळीच्या पानासारखी सरळ आलीय. सकाळी चहा पिता पिता मला म्हणाली, “आई, वेणी प्रिस्काकडे आहे, हवी तर आणा.” त्या दिवशी मीच माळली होती ना तिला, मोगऱ्याची, मधे मधे अबोली घालून. कापायच्या आधी तू काढून ठेवली असशील. आता सुकली असणार, माहीत आहे मला. सुकलेल्या वेणीचं काय करणार म्हणून विचारू नकोस. आपलं फूल आपल्या झाडाखाली टाकावं, दुसऱ्याच्या केरात कशाला? शोध तू, मी बसते. नाही, बसत नाही, उभीच बरी. हा पंखा असाच फिरतो का गं? फिरतोय पण वारा कुठे जातोय त्याचा?

आणि एक विचारायचं होतं. सहज. कापायला बसली तेव्हा काही बोलली का ती? काहीच नाही? असं कसं होईल — ह्या खुर्चीत बसल्यावर बायका नवऱ्याच्या घोरण्यापासून नणंदेच्या दागिन्यांपर्यंत सगळं बोलतात, मी काय आज जन्मले? आमच्याबद्दल काही? माझ्याबद्दल? नाही सांगायचं तर राहू दे. तुझी आई देवळाबाहेर माझ्या शेजारी भाजी विकायची, हे मात्र विसरू नकोस हं. तिच्या वाट्याचं ऊनसुद्धा मी घेतलंय. तशी अक्षया बोलत नाहीच फारशी. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, मिजास आहे. गोखिवऱ्याच्या बिल्डिंगमधली, मूळची साताऱ्याकडची, अंधेरीला नोकरी, आमची घरातली बोली कळत नसेल म्हणून गप्प राहते. मग कळलं की हिला सगळं कळतं. आम्ही दोघं नवरा-बायको भांडलो की ती आपली ताटातल्या भाताकडे बघून हसते. भाताकडे! म्हणजे हसलीही आणि कुणाला हसली नाही.

केस? केस तर बघायला गेलो तेव्हाच पाहिले मी. खोटं कशाला बोलू — मुलगी मयूरने आधीच ठरवलेली, आम्ही आपले नावाला पोहे खायला गेलेलो. चहाचा ट्रे ठेवून ती आत जायला वळली, आणि बाय, काय सांगू तुला, कमरेच्या खाली, मनगटाएवढी जाड, काळीभोर. मी ह्यांना कोपराने ढोसलं. ह्यांना वाटलं चहात साखर कमी आहे. तुला म्हणून सांगते, मुलीच्या तोंडाकडे मी नंतर पाहिलं. आमचा धंदाच तसा गं. आठवडाभर फुलं टेम्पोने दादरला जातात, त्यात आपल्याला कोण ओळखतं? पण शनिवार-रविवार देवळाबाहेर मी बसते ना, तिथे टोपलीतली वेणी कोणी घेत नाही. टोपलीत ती नुसती फुलं असतात. डोक्यात माळलेली दिसली की बाई थांबते, म्हणते, ह्यांच्यासारखी द्या. इतकी वर्षं माझाच अंबाडा होता त्याला. लोक मला पाठीवरनं ओळखायचे — अं? हात लावू नकोस. अगं लावू नकोस म्हटलं ना! … कळलं ना तुला? आल्या आल्याच कळलं असेल, तुमचा रोजचाच धंदा तो. गंगावन आहे. अर्धं. बरं, अर्ध्याहून जास्त. टायफॉइड झाला तेव्हापासून केस गेले ते गेलेच. ह्यांना माहीत नाही. म्हणजे माहीत असेल, पण ते बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. नायलॉनचं आहे, उन्हात बसून बसून तांबडं पडलंय — माझे पांढरे, ते तांबडं, आणि त्यावर पांढराशुभ्र मोगरा. कोण म्हणणार ह्यांच्यासारखी द्या?

म्हणून मग तिला बसवायला लागले. रविवारी फक्त, तेही सकाळचंच. जबरदस्ती नाही हं, “येतेस का?” विचारलं, ती हो म्हणाली. आता नव्या सुनेला सासूने येतेस का विचारल्यावर ती दुसरं काय म्हणणार, हे तू मला शिकवू नकोस. कशी म्हणजे? स्टुलावर. चांगलं स्टूल, वर उशी घातलेली. रस्त्याकडे पाठ. — हो, पाठच. वेणी पाठीवर असते, तोंडावर नसते. रस्त्याकडे पाठ म्हणजे देवळाकडे तोंड झालं, त्यात वाईट काय आहे? देवाकडे तोंड करून बसायला लोक पायऱ्या चढून जातात. ती आपली मोबाइल बघत बसायची. बायका थांबायच्या, पोरी फोटो काढायच्या, सूर्य डोक्यावर यायच्या आत टोपली रिकामी. मी तिला आइस्क्रीम द्यायचे, दर वेळी. तशी बघत नको राहूस माझ्याकडे. तू पण त्या बाहेरच्या बोर्डावर कुठल्या तरी बाईचे केस लावलेत की, तिला विचारलंस? — ती कागदाची आहे. हो. माहीत आहे मला ती कागदाची आहे.

सापडली का? आतल्या कपाटात बघ ना. नाही, घाई नाही मला काही. घरी जाऊन तरी काय करायचंय? … तुला एक सांगू? सकाळी तिची वेणी मी घालायचे. मागच्या दाराच्या पायरीवर, ती खालच्या, मी वरच्या. तिला येते घालता, पण इतके लांब केस, मागनं हात पोचत नाही नीट. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, दे इकडे फणी, आणि मग ते रोजचंच झालं. तेवढा वेळ मी बोलायचे. समोर कोणी बसलं ना, की मला सुचत नाही गं काही, मी आपली भाजीचं, पाण्याच्या मोटरचं बोलते. पण पाठमोऱ्या माणसाशी काहीही बोलता येतं. माझ्या आईचं बोलले. टायफॉइडचं बोलले. मयूरच्या आधी झालेल्या माझ्या पोरीचं — हं, होती एक. राहू दे ते. तुझ्या आईलाही माहीत नाही. अक्षयाची मान अशी थोडी मागे आली, माझ्या गुडघ्याला टेकली. मी आपली तेल लावत राहिले. तिच्या मानेवर तीळ आहे, डावीकडे, अगदी केसांच्या मुळाशी, तो तिच्या आईशिवाय फक्त मला माहीत होता. आता काय, बसस्टॉपवर उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत. आता सकाळी ती न्हाणीतनं येते, दोन बोटं फिरवते डोक्यातनं, “येते आई,” आणि स्कूटर चालू. मी फणी घेऊन पायरीवर. काल मांजराच्या अंगावरनं फिरवली, खरंच, हसू नकोस. ते पण पळालं.

कारण विचारलं ना, विचारलं की! तुला काय वाटलं, मी विचारल्याशिवाय राहिले असेन? हेल्मेट बसत नाही म्हणाली. उकडतं म्हणाली. बोअरचं पाणी खारं आहे, केस गळतात म्हणाली. सगळं खरं आहे बाय, हेल्मेट खरंच डोक्यावर टोपलीसारखं राहायचं तिच्या. एकही कारण खोटं नाही, आणि एकाही कारणाने मला झोप येत नाही. कारण — कारण काही नाही. आदल्या रविवारी एक गिऱ्हाईक आलं होतं, तेवढंच. गाडीतनं उतरलेला, बायको बरोबर, पोरं बरोबर, चांगल्या घरातला दिसत होता. त्याने वेणी अशी हातात घेतली. टोपलीतली नाही गं. अशी, खालनं, तळहातावर, वजन करतात तशी, तिच्या पाठीवरनं उचलली, फुलांसकट, केसांसकट — आणि मला विचारलं, “कितीला?” बायको हसली त्याची. मी — मी पण हसले. काय करू, गिऱ्हाईक होतं! सणाचा दिवस, मागे माणसं उभी. मी भाव सांगितला. फुलांचा सांगितला, फुलांचाच विचारला होता त्याने, तसाच अर्थ होता त्याचा, दुसरा कसा असेल? अक्षयाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. फक्त तिच्या हातातला मोबाइल होता ना, तो बंद पडलेला होता. काळा. आणि ती त्या काळ्या काचेत बघत होती. म्हणजे तिला दिसत असणार मागचं सगळं. मी हसताना दिसले असेन. घरी येताना आइस्क्रीम दिलं, तिने खाल्लंही. मग बुधवारी तुझ्याकडे आली.

हे काय?

नाही, हे नाही. वेणी म्हटलं मी. फुलांची गं, मोगऱ्याची — ही… अगं देवा. हिने “वेणी” म्हटलं ती ही होय? ही कापलेली? आणि मी आपली सकाळपासून सुकलेली फुलं, सुकलेली फुलं करत… कशी गुंडाळलीयस, साडीसारखी. दोन्ही टोकांना रबर लावलंय. तिने लावायला सांगितलं? हवी तर आणा. हवी तर! आता तू सांग मला, तू शहाणी आहेस, रोज दहा बायकांचं ऐकतेस — हे काय समजायचं मी? गंगावनाचं तिला कळलं असेल, एवढे दिवस एका घरात राहतो, न्हाणीतल्या खुंटीवर टांगलेलं दिसलं असेल, म्हणून माझी दया आली, की घ्या आई, खऱ्या केसांचं करून घ्या? की टोमणा आहे हा — घ्या, तुम्हाला हीच हवी होती ना, ही बसवा स्टुलावर, मला सोडा? बोल ना. तशीही घेतली तर बसतेच गं डोक्यावर, रंगाला रंग मिळेल. सुनेचे केस सासूच्या अंबाड्यात! गाव काय म्हणेल ते म्हणू दे, पण विकली जाईल वेणी, हां, धडाधड विकली — 

जड आहे गं. एवढी जड होती? रोज हातात असायची माझ्या, तेव्हा कधी — घे. घे ही आधी माझ्या हातातनं. मी अशीच धरली बघ, तळहातावर, खालनं. त्या गिऱ्हाइकाने धरली तशीच. घे म्हटलं ना!

पाणी दे जरा. नाही, थंड नको.

रडली का ती कापताना? खरं सांग. … काय? झोपली? ह्या खुर्चीत? असा कचाकचा आवाज चाललाय कात्रीचा आणि ती झोपली? उठवावं लागलं तुला? आमच्याकडे तर मी पहाटे मोगरा खुडायला उठते तेव्हाही तिच्या खोलीत मोबाइलचा उजेड दिसतो. मयूर म्हणतो, नवीन जागा आहे, सवय होईल. एवढे महिने झाले, अजून जागा नवीनच आहे तिला. आणि तुझ्या इथे, ह्या असल्या पंख्याखाली… शांत झोपली होती? घोरली वगैरे? नाही, आपलं विचारते.

बरं. बरं झालं मग. ठेव ती वेणी तुझ्याकडे, मी नाही नेत. टाकू नकोस हं पण! कुठे कॅन्सरवाल्या बायकांना देतात म्हणे, मयूर सांगत होता, तिथे दे, मात्र तिला विचारून दे, माझ्या नावावर नको. आणि ह्या रविवारी मी एकटीच बसणार. हेच नायलॉनचं लावून. कुणी घेतली वेणी तर घेतली, नाहीतर देवाला. स्टूल काय, माझ्याही कमरेला लागतंच. तिला सांगेन, झोप तू. कसं सांगू पण? पायरीवर आता ती बसत नाही, समोरासमोर मला सुचत नाही, स्वयंपाकघरात ती आली की मी मोटरचंच बोलते. जेवताना सांगते. नाहीतर ह्यांना सांगायला लावते. नाही, ह्यांना नको, हे सगळं उलटं सांगतील. मीच सांगते. आज सांगते. — चल, निघते मी, तुझा धंदा खोळंबला माझ्या बडबडीने. ते गिऱ्हाईक बघ तुझं, कधीचं बाहेर उभंय. ती गं, स्कूटरला टेकून, पाठमोरी. मघाशी तो मुलगाच वाटला मला. आत बोलाव की तिला, एवढ्या उन्हात मान भाजेल पोरीची, उघडी मान घेऊन उभी आहे, घरचं कुणी काही सांगत नाही वाटतं. मी आले तेव्हापासून आहे ती? मग आत का नाही आली? कुणाची वाट बघतेय? … अं? कोण म्हणालीस?