मोटेचं तेल

धनीराम : हात नोको लावू म्हनलं ना! रंगाचा तिसरा हात हाये. वाळू दे.

यादोराव : बोट फक्त टेकवलं, धनीरामभाऊ. पाहा, बोटासंगंच आलं.

धनीराम : अन् इकडं बी... अरे! उकडलेल्या आलूच्या सालीवानी निंगून राहिलं हे त.

यादोराव : सकाळी चांगलं दिसत होतं. मी म्हनलं, वाचलो आता.

(लाखनीत, ट्रकांच्या रस्त्याला धनीरामचं सीटांचं दुकान. समोर चार विटांवर एका जुन्या विलायती मोटारीची मागची सीट उन्हात ठेवली आहे. मोटार राइसमिलवाल्या भय्याजींची. यादोराव एकोणीस वर्षं त्यांचा ड्रायव्हर. धनीरामची बायको बायाबाई चहा घेऊन येते आहे.)

धनीराम : सोड्यानं धुतली, पॉलिश पेपरनं घासली, चिरा भरल्या, खालून मांजरपाटाची ठिगळं चिकटवली. तरी रंग धरून नाही राहिली. माझ्या हातचं काम असं कधी गेलं नाही गा!

यादोराव : आनखी एक हात मारा ना.

धनीराम : दहा मारीन. भीतच ओली असन त चुना कुठं बसन? कवा पायजे त्यायले?

यादोराव : आज चार वाजता. विहीनबाई साकोलीवरून येऊन राहिल्या. मागच्या टाइमाले त्यायच्या पांढऱ्या लुगड्याले मागून सारे पोपडे चिकटले. तेलकट, तपकिरी. मांडवात बाया हासल्या. भय्याजीनं साऱ्यायसमोर मले म्हनलं, "माझ्या बाबूजीच्या टाइमाले होती तशी सीट करून आन. नाही त गाडी इकतो, अन् तू बी खोली खाली कर."

धनीराम : रेग्झिन मारून देतो. दोन घंट्याचं काम.

यादोराव : इचारलं मी. "रेग्झिनवर टॅक्सीवाले बसतात" म्हने. भाऊ, मले आता रातचं बराबर दिसत नाही. भय्याजीले मालूम नाही म्हनून चालून राहिलं. दुसरा कोन ठेवन मले? अन् बायकोले, रुखमाले घेऊन जाऊ कुठं?

बायाबाई : चाहा घ्या भाऊजी. अन् आयकलं का हो, टोरीच्या तेलाचा वास कुठून येऊन राहिला?

धनीराम : मले काय पुसतं? माझ्या नाकात तीन दिवसाचं चिकटवाचं सोलुशन बसलं हाये.

बायाबाई : ह्या सीटेचाच येते. ऊन लागलं ना तिले. शिलाईपाशी पाहा.

धनीराम : ...यादोराव, तेल लावलं का तू हिले?

यादोराव : लावलं म्हंजे? दर आयतवारी! आठ वर्षं झाले, एक आयतवार चुकवला नाही. मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल, कोमट करून, फडक्यानं. माय लेकराले चोपडते तसं. आमाले कुठं लेकरू हाये?

धनीराम : अरे बैला! तेलानंच खाल्लं हिले! कारखान्यातलं चामडं हे, वरून रंगाची साय असते याच्यावर. तेल खाली मुरलं, साय सुटली, दोरा सडला. आता जनमभर रंग धरत नाही ही. कोन्या गाढवानं सांगतलं तुले तेल पाजाले?

यादोराव : होता एक.

धनीराम : नाव सांग. एका मानसाची भाकर घालवली त्यानं.

यादोराव : जाऊ द्या ना भाऊ. चांगल्यासाठीच सांगतलं होतं त्यानं.

बायाबाई : तुमी मोटा शिवत होते तवा सारं घर ह्याच वासानं भरे. येईन त्या किसानाले सांगत, "मोटेले टोरीचं तेल पाजजो, दहा वर्षं पानी वढन."

धनीराम : मोटेले, हो. मोटेचं चामडं बाभळीच्या सालीत पकवलेलं. त्याले पायजेच तेल. मंग लाइटीचे पंप आले, मोटा गेल्या...

बायाबाई : काय झालं?

धनीराम : यादोराव, वर पाहा. शेवटची मोट शिवून राहिलो होतो मी. तू गाडीत पानी टाकाले थांबला. "सीट कडक झाली, का करू?" म्हनला.

यादोराव : हो.

धनीराम : अन् मी म्हनलो, चामडं म्हंजे चामडं, पाज तेल. मीच म्हनलो.

यादोराव : तुमाले का मालूम भाऊ? तुमी जनमभर मोटच शिवली.

धनीराम : मंग आता पुसलं तवा नाव काहून नाही घेतलं?

यादोराव : माझं त गेलंच. तुमचा सोताच्या हातावरचा भरवसा कायले घालवू?

धनीराम : मी येतो. भय्याजीचे पाय धरतो. सांगतो, चूक माझी हाये.

यादोराव : त्यायले चूक नाही पायजे भाऊ. त्यायले सीट पायजे.

बायाबाई : साडेतीन होऊन राहिले.

यादोराव : उचलू लागा, बसवून नेतो. वरून चादर आथरीन. रुखमानं धुवून देली हाये.

धनीराम : थांब, हात पुसू दे. ते फडकं दे तुझ्या खांद्यावरचं... हे त तेलानं भिजलेलं हाये.

यादोराव : आज आयतवार हाये ना भाऊ. सवयीनं घेऊन निंगालो.