दादाचं बिनकुलपाचं ॲप

…आणि चोर तो चोर, वर मलाच विचारतोय, "सिद्धू, पुरावा काय?" तुमाला सांगतो, पुरावा बोलतोय की, माझ्या दादाच्या आवाजात!

थांबा, पैल्यापासनं सांगतो. आमच्या सुमंतदादानं मोबाईलचं ॲप केलेलं. रानात थ्री फेज आली की फोनच वरडायचा, "लाईट आली, मोटार चालू करा!" आवाज दादाचा. निम्म्या शिराळ्याचा ऊस त्या आवाजावर भिजायचा. मग दादाच गेला. उंब्रजजवळ, हायवेला, ट्रकखाली… जाऊ दे.

वर्षश्राद्ध झालं न्हाई तोवर तसलंच दुसरं ॲप आलं. नाव नवं, रंग नवा, आवाज मात्र दादाचाच. मालक कोण? जयराज! सांगलीला कॉलेजात दादाच्या खोलीत ऱ्हायलेला, आईच्या हातची भाकरी खाल्लेला, दादाला खांदा दिलेला जयराज!

पल्लवीताई दादाच्याच वर्गातली. ती म्हणली, "सिद्धू, तयार ॲप उलटं उलगडून आतलं लिहिलेलं काढता येतं."

म्हणलं, "म्हंजी गुळाची ढेप फोडून परत ऊस उभा केला?"

"व्हय. म्हणून आतली नावं आधीच अशी घोळून ठेवायची, की चोराला काय बी उमगू नये. ते कुलूप सुमंतनं घातलंच न्हाई."

कसं घालंल? घालतो म्हणला व्हता. मीच शाना! म्हणलं, "दादा, दिवसाढवळ्या दाराला कडी घालणाऱ्याला गाव नावं ठेवतं. घरच्या माणसांना कुलूप कोण लावतं?" आणि लॅपटॉपला मात्र घातलेलं! त्याचा पासवर्ड घेऊनच दादा गेला. आमचं ॲप महिन्यात बंद पडलं. चोराला सगळं उघडं आणि आमालाच कुलूप… आता बोला!

ताईनं तक्रार लिहून दिली. "दाब बटण, त्याचं ॲप प्ले स्टोअरवरनं निघंल."

मी बोट उचललं, तवर आईचा फोन वरडला, "लाईट आली, मोटार चालू करा!" जयराजचं ॲप! आईनं कवा घेतलं, देव जाणे. विहिरीत थेंब न्हाई, तरी म्हातारी पदर खोचून निघाली, "आले रं बाळा…"

बोट तसंच ऱ्हायलं की हो! ॲप निघालं तर दादा कुठं बोलायचा? घरच्या माणसाला कुलूप कोण लावतं?

जयराजला फोन लावला, लय दम भरला, "भाड्या, त्यो आवाज बदललास तर तंगडं मोडीन!"

तर म्हणतोय कसा, "न्हाई बदलत. लोकं दुसऱ्या आवाजाला उठतच न्हाईत. पण मग पाच स्टार दे."

…दिले.